उसंत

केल्योनच्या धक्क्याजवळ, शिंपल्यांच्या कारखान्यामागे
आमचं रेडिओ स्टेशन : दोन खोल्या, एक शेगडी,
टेकडीवर तारांनी ताणून धरलेला मनोरा,
आणि रॅकमध्ये, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर
करड्या पत्र्याचा कॉम्प्रेसर.

त्याचं काम सांगायला सोपं.
मोठ्या आवाजाचं डोकं दाबायचं,
लहान आवाजाला कडेवर घ्यायचं,
म्हणजे बेटावरच्या बाईला पाव मळता मळता
पिठाच्या हातांनी सारखं बटण पिळावं लागू नये.
दाबणं कुणालाही जमतं.
सोडणं कठीण. घाईनं सोडलं
तर आवाज धापा टाकतो, गळक्या होडीतल्या पंपासारखा.
मी ते बावीस वर्षांपूर्वी कानानं लावलं
आणि बटण जिथे थांबलं तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला.
नेलपॉलिश ओर्तेन्सियाचं. लाल.

दुपारी एकला ती निरोप वाचते.
लाइतेकच्या मान्सीया कुटुंबाला : उद्या चारला होडी आणा,
गॅसची टाकी येतेय.
कायलीनवर कान कापलेलं काळं डुक्कर सापडलंय,
ज्याचं असेल त्यानं दोरी घेऊन यावं.
आणि मग त्याच पट्टीत
कुणाचं तरी नाव, इस्पितळ, पहाटेची वेळ.
त्यानंतर ती थांबते.

ती थांबली की सुई हळूहळू परत येते.
पेटीला वाटतं, कुणीतरी फारच हळू बोलतंय.
ती वाकते, उचलायला लागते :
आधी शेगडीतलं लाकूड, मग किटली,
मग तावदान, ज्याला मी दरवर्षी लांबी लावतो,
आणि सगळ्यात शेवटी ओर्तेन्सियाचा श्वास,
किंचित खरखरीत,
इतका जवळ की चाळीस स्वयंपाकघरांत
ती खुर्ची ओढून बसली आहे असं वाटावं.

पुस्तकात याला दोष म्हणतात.

डॉन रिगोबेर्तोनं तो काढून टाकला.
उत्तरेकडचं स्टेशन आपल्यापेक्षा मोठं वाजतं, म्हणाला,
आणि सान्तियागोहून नवी पेटी आणली.
पाच पट्टे, निळा पडदा, एकही बटण नाही.
आम्ही खरंच मोठे झालो. जाहिरातवाले खूश.
नव्या पेटीला एक दार आहे, गेट म्हणतात;
बोलणं थांबलं की ते लागतं.
अलीकडे शब्द. पलीकडे काही नाही,
वारासुद्धा नाही, आणि चिलोएत वारा नाही
असं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बेलार्मिनो नावेल्कीन आला,
बुटांत पाणी, खांद्यावर बटाट्यांची पिशवी.
"ओर्तेन्सिया गेली का?"
काचेपलीकडे ती डब्यातलं खात होती. मी बोट दाखवलं.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
"मग वाचून झाल्यावर
कुठे जाते?"

त्याच्या भावाचा निरोप मंगळवारी होता.

त्या रात्री प्रसारण संपल्यावर मी एकटा बसलो.
पडद्यावरचा आकडा एकेक डेसिबल खाली आणला,
दार फटीएवढं किलकिलं होईपर्यंत.
सोडण्याची वेळ लांबवली, पुन्हा लांबवली.
मग ठिपका द्यायला बाटली उघडली
आणि लक्षात आलं, द्यायचा कुठे?
नुसती काच.
तरी दिला, कोपऱ्यात.

डॉन रिगोबेर्तो म्हणतो, पाव-बिस्किटांच्या जाहिरातीआधी
किटली ऐकू येते.
येते.
मी म्हटलं, झाकण सैल आहे, बदलू.
बटाटे संपले, झाकण अजून तेच आहे.

आज तिनं सहा निरोप वाचले. पाचव्यानंतर थांबली.
फ्रिज घुमला. लाकूड तडकलं.
कागद उलटायच्या आधी तिनं नाक ओढलं,
आणि तेही गेलं,
मनोऱ्यावरून, पाण्यावरून, बेटाबेटांवर.