एक कमी

आमच्या इसाबेल बेटावरच्या सापसुरळीला
शेपूट म्हणजे पाचवा हात.
फांदीला आधी शेपटीचा वेढा, मग बाकीची पावलं.
घरातल्या पाली शेपूट टाकून पळतात, नवी उगवते.
हिची गेली तर तशी परत येत नाही.
म्हणून ही सोडत नाही. काहीच.

लग्नाआधी मी पकडायचो त्यांना.
रात्री टॉर्च दातांत धरून वडावर चढायचं,
एकेक नख सालीतून सोडवायचं.
होनिआराचा व्यापारी नगावर पैसे द्यायचा.
जहाजातून कुठे जायच्या, विचारलं नाही.

एकदा पोत्यात चार टाकल्या,
सकाळी पाच निघाल्या.
पिल्लू एकच, आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं,
अंडं नाही, कवच नाही,
ओलं, उघड्या डोळ्यांचं.
आणि बाकीच्या तिघी,
तिच्या कोणी लागत होत्या की नाही, देव जाणे,
पोत्याच्या तोंडाशी येऊन उभ्या,
माझ्यावर जबडे वासून.

व्यापाऱ्याने पाचांचे पैसे मोजले.
मी घेतले.
त्यातून रॉकेल आलं, आणि रोझिनाला चपला.

आता मी लाकूड कंपनीचा माणूस.
लाल रंगाचा डबा, ब्रश,
विकलेल्या झाडावर आकडा.
वडाचं लाकूड कुचकामी, ते कोणी घेत नाही,
पण वडाने ज्याला मिठी मारलीय
ते आतलं झाड विकतं.

परवा दोनशे चौदावं.
वर वेलीची पानं, कडेकडेने कुरतडलेली.
ज्या वेलीला रानडुक्करही तोंड लावत नाही
तो ह्यांचा रोजचा तारो.
पिल्लाला आधी मोठ्यांची विष्ठा खावी लागते,
तेव्हा कुठे ते विष पचतं, म्हणतात.
मला हसू आलं.
बापाने मलाही काय काय पचवायला शिकवलं.

दिवसा झोपतात त्या. ही जागी होती.
पानांतून एक डोळा,
आणि फांदीभोवती तो वेढा, दीड फेऱ्यांचा.
ब्रशवरचा रंग सुकून गेला.

संध्याकाळी मुकादम म्हणाला,
कास्पर, एक कमी भरतंय.
म्हटलं, पुन्हा मोजा.
त्याने मोजलं, बोट जिभेला लावून पानं उलटत.
एक कमीच.
उद्या तो स्वतः येणार आहे.

वाट मला माहीत आहे, त्याला नाही.
कुठून न्यायचं
ते अजून ठरवलेलं नाही.