तेवीस नंबर

वर्षातून एकदा कास्त्रोहून डॉक्टरांची बोट येते
आणि खाडीपलीकडच्या शाळेत,
पोरांच्या व्यायामशाळेचं
दोन दिवस इस्पितळ होतं.
यंदा मार्चात आली.
बटाटे काढून झाले होते, हात रिकामे होते,
नाहीतर नोलबेर्तो कसला येतोय.

लूचे तिचं नाव.
ओहोटीला खडकांवर काळं शेवाळ मिळतं,
आम्ही ते उकडून खातो, त्याच्यावरून.
तशीच काळी, तशीच चिवट, कायम ओलसर.
माजावर आली की कुंपणाशी रांग लागायची:
मिलालोंकोंचा लंगडा, दुकानवालीचा पिवळा,
आणि पाद्रीबाबांचा तो म्हातारा,
ज्याला एरवी चर्चची पायरी चढवत नाही.

होडीत खाली अंथरायला
नोलबेर्तोनं बटाट्याचं पोतं घेतलं.
तिनं पोतं पाहिलं
आणि चारी पाय वाळूत रोवले.
कान मागे, शेपूट पोटात.
चुचकारलं, ओढलं, पाव दाखवला.
हलेना.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही.
पोत्याची घडी करून तो परत छपरीत ठेवून आला,
अंगातला स्वेटर काढला
(मीच विणलेला, कोपरं विरलेली)
आणि तिला त्यात गुंडाळून
नुसत्या शर्टावर, वाऱ्यात,
छातीशी धरून बसला.
वल्ही मी मारली.

टेबलाशी तामारा नावाची मुलगी होती,
आमच्या धाकटीच्या वयाची.
तिनं लूचेच्या कपाळावर कागदी पट्टी चिकटवली: तेवीस.
वय?
सहा असेल.
वेतं किती झाली?
चार, मी म्हणाले.
पिलं?
दोन वेतांची वाटून टाकली. एक मास्तरांकडे आहे, एक—
आणि आधीच्या दोन वेतांची?

नोलबेर्तो बास्केटबॉलच्या कडीकडे बघत होता.
तिथं सलाइनची पिशवी टांगली होती.
"समुद्र जवळ आहे आमच्या घरापासून,"
तो म्हणाला.
तामारानं काहीतरी लिहिलं.
काय ते मला वाचता आलं नाही,
चष्मा घरी राहिला होता.

मग जमिनीवर घोंगड्या, घोंगड्यांवर कुत्री,
जिभा बाहेर, डोळे अर्धे उघडे,
जणू सगळा गाव एकदम दारू पिऊन पडलाय.
प्रत्येकाशेजारी एकेक माणूस.
"कान चोळा," सांगितलं होतं, "नाव घेत राहा,
आवाजाच्या मागानं परत येतात."
सहा वर्षं जिला फक्त शीळ घालून बोलावलं
तिचं नाव नोलबेर्तो घेत होता.
लूचे. लूचे. लूचे.
पोट भादरलेलं, बोटभर टाके,
इतकी काळी कुत्री
आणि आतून इतकी गुलाबी.

रंगाच्या पिवळ्या बादलीचा बूड कापून
तिच्या गळ्यात अडकवली.
ती दाराला आपटायची, चुलीला आपटायची,
माझ्या गुडघ्याला तर रोज.
कुंपणाशी कुत्रे आले, हुंगलं, निघून गेले.
पाद्रीबाबांचा म्हातारा तेवढा
अजून येऊन बसतो. त्याला काय कळलं
आणि काय नाही, देवाला ठाऊक.

कूस काढून टाकली म्हणतात.
झोपते मात्र ती अजून कुशीवरच,
पुढचे पाय असे वळवून, की मधे जागा राहील.

तिसऱ्या आठवड्यात माझा राखाडी लोकरीचा गुंडा हरवला.
चुलीमागे सापडला.
लूचे त्याच्याभोवती वेटोळं करून पडली होती,
चाटून चाटून लोकर ओलीचिंब,
आणि तिला दूध आलेलं.
तामाराला फोन केला.
"होतं असं कधीकधी," ती म्हणाली,
"ते काढून घ्या, चार-आठ दिवसांत विसरेल."

नोलबेर्तो खाली वाकला.
हात पुढे केला.
ती गुरगुरली नाही, नुसती बघत राहिली.
तो बराच वेळ तसाच वाकलेला,
मला वाटलं कंबर धरली.
मग हात मागे घेऊन म्हणाला,
"राहू दे. बाही नंतर विण."

हिवाळा लागलाय.
त्याच्या नव्या स्वेटरची डावी बाही आखूड आहे.
धक्क्यावर लोक विचारतात
तर सांगतो, बायकोला आता दिसत नाही नीट.