शेवटची रेघ

अंबड एमआयडीसी, तिसरा मजला.
रात्रीचे पावणेबारा. खालच्या वर्कशॉपमधल्या प्रेसचा ठोका
शिफ्ट बदलेपर्यंत गप्प.
मी फ्रेमवर्कचा आकडा पाचाचा सहा केला
आणि एकशे बेचाळीस ओळी लाल झाल्या.

पहिलीच तक्रार :
ज्या क्लासचा वारसा सांगत होतो
तो आता नाहीच.
यापुढे ज्याचं त्यानं ठरवायचं
कुणाला आत घ्यायचं.

फाइल खैरनारांची, दोन हजार चौदाची.
ते हल्ली नाशिकरोडला
मुलीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात.
सगळे नियम त्यांनी एका दमात लिहिलेले :
हे दार उघडं आणि हे बंद आणि
गोदाम फक्त मॅनेजरला आणि
लॉगिनचं पान सगळ्यांना आणि
मधे पाण्याचा घोटसुद्धा न घेता.

नव्या आवृत्तीला 'आणि' नको.
प्रत्येक नियमाला त्याचा त्याचा कंस.
मी एकेक 'आणि' खोडत बसले,
उकडलेल्या शेंगा सोलाव्यात तसं.

सत्तावन्नाव्या ओळीवर शेरा :
'तात्पुरतं. वजनकाट्यासाठी. द्राक्षं संपली की काढणे.'
खाली, सर्वांना मुभा.
दरवर्षी द्राक्षं संपली,
दरवर्षी पुन्हा आली.

मी काढलं.
तिथे काट्याचं लॉगिन मागितलं,
पासवर्ड दुपारीच पाठवलेला,
आणि सर्वांत शेवटी लिहिलं : बाकी सगळ्यांना नकार.
लिहिताना, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
चाचण्या हिरव्या. मशीनचा चहा.

दोन चाळीसला पिंपळगावहून फोन.
शीतगृहाच्या काट्यावरून नईम तांबोळी.
'मॅडम, चौदा टन माल काट्यावर उभाय,
पासवर्ड बरोबर टाकला,
तरी म्हणतंय परवानगी नाही.
मी काय चोर आहे?'

पत्ता वाचून दाखवा म्हटलं.
त्यांनी वाचला, अक्षर अक्षर,
'... काटा. मग एक तिरकी रेघ.'
शेवटी रेघ?
'पहिल्यापासून आहे.'

जुनी आवृत्ती त्या रेघेकडे काणाडोळा करायची.
घरच्या माणसाच्या चपला
उंबऱ्याच्या आत आल्या तरी
कोण बोलतं?
नवीला रेघेसकट पत्ता म्हणजे
कुणी तिसराच.
ती बरोबर आहे.
नईमभाईही.

फोन चालूच ठेवला.
पलीकडे कॉम्प्रेसर, ड्रायव्हरचा खोकला,
कुणीतरी क्रेट मोजताना
मधेच चुकून पुन्हा एकपासून.
मी एक ओळ वाढवली. रेघेसकट पत्ता, लॉगिन तेच.
वर शेरा लिहिला, त्यात 'तात्पुरतं' नाही :
'काट्यावरून रेघ येते. येऊ द्या. प्राजक्ता बोरस्ते.'

'झालं,' ते म्हणाले. 'तेरा टन नऊशे ऐंशी.
आणि मॅडम,
इथे भिंतीवर खैरनार साहेबांच्या अक्षरातला
पत्त्याचा कागद आहे, पिवळा पडलाय,
फाडून टाकू का?'

खाली प्रेस पुन्हा सुरू झाला.
काय म्हणालात, त्यांनी विचारलं,
ऐकू नाही आलं.