दारामागची बॅग

ताल्काउआनोत खोली घेतली तेव्हा
एदेल्मिराबाई भाड्याच्या आधी खुंटीबद्दल बोलल्या.
"दारामागची ती. कोटासाठी नाही हं."

मी शाळेचं दप्तर आणलं होतं,
चेन अर्धी मेलेली, पट्ट्यावर निळ्या शाईत
नववीतल्या एका मुलाचं नाव, गिरवलेलं, मग खोडलेलं.
कॉलेजनं दिलेली यादी सांगत होती:
माणशी रोज चार लिटर पाणी, तीन दिवसांचं.
बारा किलो. आणि टेकडी पंधरा मिनिटांची, खडी.
यादी करणारा कधी चढला नसणार.
मी चार बाटल्यांवर मिटवलं.

बांगड्याचे तीन डबे. शिट्टी. टॉर्च, चार सेल.
ओळखपत्राची झेरॉक्स, प्लॅस्टिकमध्ये.
सुट्टे पैसे, कारण अंधारात कोणी मोड देत नाही.
एक चॉकलेट, रायेनचा आग्रह म्हणून.
आणि आईचा नंबर, कागदावर.
तो मला पाठ नाही हे
कागद पुढ्यात घेतल्यावर कळलं.

पहिलं संकट एप्रिलच्या सव्वीस तारखेला आलं.
काही हललं नाही. पैसे संपले, एवढंच.
एक डबा फोडला, उभ्यानंच खाल्ला,
आणि चिठ्ठी टाकली: डबा एक, देणं आहे.

मग रीतच पडली.
ऊष्मागतिकीच्या पेपरला कॅल्क्युलेटर मेला: सेल दोन.
रात्री दोनला रायेनची पाळी आली: पॅड तीन,
खाली तिची सही, आणि एक हसणारा पेंग्विन.
ज्याचं नाव इथे लिहीत नाही
त्यानं फोन उचलणं सोडलं, त्या रविवारी: चॉकलेट. अख्खं.
बॅग हलकी होत गेली
आणि कागदांनी फुगत.

ऑगस्टात, तीन वाजून दहा मिनिटांनी,
आधी कपांना कळलं, मग आम्हाला.
मग घरातले सगळे फोन एकाच आवाजात ओरडले.
एदेल्मिराबाईंनी गॅस बंद केला, दोनदा तपासला.
बाहेर निळ्या बाणांच्या पाट्या,
आणि त्यांच्या दिशेनं अख्खी गल्ली, न बोलता,
एर्नाल्दोकाका किटली घेऊन, किटलीत पाणी, झाकण दाबून धरलेलं.

वर वारा होता. खाली समुद्र
दिसत नव्हता, म्हणून सगळे त्याच्याकडेच बघत होते.
"मागच्या मोठ्याला," एदेल्मिराबाई म्हणाल्या,
"मी दोन बूट घेऊन पळाले. दोन्ही डाव्या पायाचे.
दोन रात्री तशीच बसले.
तेव्हापासून खुंटी."

मग कोणाला तरी बिस्किट हवं होतं, लहान मुलासाठी,
आणि मी बॅग उघडली.
शिट्टी. अर्धा पुडा. दोन बाटल्या.
बाकी चिठ्ठ्याच.
काकांनी टॉर्च धरला, रायेन मोठ्यानं वाचू लागली,
चॉकलेटच्या चिठ्ठीला पोरं हसली, पेंग्विन हातोहात फिरला.
एदेल्मिराबाई हसल्या नाहीत.
चष्मा कपाळावर सारून
पहिली चिठ्ठी त्यांनी पुन्हा वाचली, तारखेसकट.
"सव्वीस एप्रिलला तू उपाशी होतीस?"
मी म्हटलं, तसं नाही, म्हणजे...
"माझं दार चार पावलांवर होतं."
एवढंच म्हणाल्या, आणि चिठ्ठी
आपल्या स्वेटरच्या खिशात घातली,
जणू ते देणं आता त्यांच्या नावावर.

लाट आली नाही.
सहाला फोन पुन्हा वाजले, उतरा म्हणाले.
काकांच्या किटलीतलं पाणी कोणीच प्यायलं नव्हतं,
ते त्यांनी वाटेतल्या कुंडीत ओतलं.

पायऱ्या उतरताना मी आईचा नंबर म्हणत होते,
पायरीला एक आकडा,
रायेन मागून कागद धरून.
शेवटचे दोन उलटे झाले.
"वर चल," ती म्हणाली. "पहिल्यापासून."