खुडूक

वेंगुर्ल्यात, बंदराच्या उतारावर
पास्कू आल्मेडाचं गॅरेज.
डावीकडे अमेरिकन डॉज: शेपटीला पंख,
जबडाभर क्रोमचं हसू.
उजवीकडे इटालियन फियाट,
तिसरीच्या शिंपल्यासारखी, अंग चोरून.

पास्कूच्या मते डॉज म्हणजे लग्नातला मामा.
थाट मोठा, पितो फार,
पण बॉनेट उघडून आत उभं राहावं एवढी जागा,
आणि हातोडीचंही ऐकतो.
फियाटला कान लावावा लागतो.
कार्बोरेटर रुसला
की दुपार गेली.

परवा गेलो तर दोन्ही दारांखाली
सारखाच तांबडा भुगा.
पास्कू फियाटच्या चाकाला ग्रीस लावत होता.
"आणि डॉज?"
"तेच्यात कोंबडी खुडूक बसली हा."

दाखवून झाल्यावर
त्यानं दार हळूच लोटलं.
आवाज अजून तसाच,
बँकेच्या तिजोरीचा.