जानेरू, फेवरेरू

सोयरूकाका मिठागराच्या बांधावर उकिडवा,
वारा हुंगतो : पहाटे मतलई, दुपारी खारा.
"आज हवा बरी," म्हणत फळी उचलतो.

परवा भर उन्हाळ्यात एक ढग वाट चुकला,
चार वाफे विरघळले. काका हसला फक्त :
"हवा म्हणजे पाहुणी. जेवते, जाते."

खोपीच्या कुडात मात्र आज्याची वही खोचलेली.
पहिलं मीठ कधी धरलं, एवढंच तिच्यात :
किती पानं नुसतं जानेरू, जानेरू,
मग फेवरेरू,
मग काकाच्या अक्षरात
मार्च.

ती तो कुणाला दाखवत नाही.
रात्री भरतीचं पाणी मानशीवर थापा मारत होतं
तेव्हा एकदाच म्हणाला,
"डोंगर तिथंच, शापोरा तिथंच,
मग घर कुणी हलवलं गो?"