मुन्शीची नोंद

गोळीबार चौकातल्या विणकराचा पोरगा,
गुणवंत बारापात्रे. नवा वकील होता
तेव्हा फी म्हणून लुगडं घ्यायचा,
कधी नुसता चहा.
उलटतपासणीत
"माहिती घेऊन सांगतो" म्हणणाऱ्या साहेबाला
घाम फोडायचा, भर डिसेंबरात.

मग आमदार. मग दोन वर्षं राज्यमंत्री.
हिवाळी अधिवेशनात गॅलरीतून पाहिलं मी,
मिलच्या थकबाकीचा प्रश्न आला,
त्याच्याच जुन्या केसचा.
उठला. कागद वाचला.
"माहिती घेण्यात येत आहे."

पडला तेव्हा परत आला जी कोर्टात.
टेबल दुसऱ्याचं झालेलं.
पक्षकारांच्या बाकावर टेकला,
म्हणाला, मुन्शी, कोट कुठाय?

होता. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला.
खिशात कोर्ट फीचं तिकीट
आणि कमलाबाई निनावेची
पुढची तारीख.